तुमचा हात दिसणार नाही

मी तक्क्या बोलतोय. दुकानात मला बीनबॅग म्हणत असत, पण ज्या ताईने मला आणलं तिने पहिल्याच दिवशी मला तक्क्या म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मी गोल आहे, बसका आहे, आणि एका माणसाच्या कवेत येणार नाही एवढा मोठा आहे. तान्ह्या बाळांचे फोटो काढायच्या स्टुडिओत मी कामाला आहे.

तसे फोटो तुम्ही पाहिले असतील. बाळ पालथं झोपलंय, पाय पोटाशी घेतलेत, गाल हातावर टेकलाय, खाली ढगासारखं काहीतरी मऊ आहे. त्या ढगाच्या खाली मी असतो.

मी दिसत मात्र नाही. माझ्यावर आधी रबरी कापड घालतात, त्यावर दुलई, तिच्यावर फोटोतलं ते मऊ पांघरूण, आणि त्याच्या कडा मागच्या दांडीला चिमटे लावून ताणून बसवतात. चुकून माझा कोपरा दिसलाच तर ताई तो संगणकावर पुसून टाकते. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटतं. माझं अंग एके काळी पांढरंशुभ्र होतं. आता रबरी कापडातूनही झिरपलेले पिवळे डाग आहेत, एका बाजूला ठिगळ आहे. चार लोकांत उघडं पडावं असं माझ्याकडे काही राहिलेलं नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक बाई मला शिवून पोटात थर्माकोलचे दाणे भरत होती. ते दाणे उडायचे आणि तिच्या केसांत, भुवयांत जाऊन बसायचे. शेजारच्या मशीनवरची तिला म्हणायची, "आज लवकर म्हातारी झालीस गं." दोघी हसायच्या. मी हसण्याच्या आवाजात जन्मलो, एवढं माझ्या नशिबी चांगलं होतं.

मग एका दुकानाच्या काचेमागे होतो. लोक यायचे, धपकन बसायचे, उठता येईना म्हणून हसायचे आणि दुसरंच काही घेऊन जायचे. ताई आली ती बसली नाही. तिने माझ्यात मूठ दाबली, काढली आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघत उभी राहिली. दुकानदार म्हणाला की बाई, बसून तर बघा. ती म्हणाली की मला नाही बसायचं, ज्याला झोपायचंय ते अजून पोटात आहे.

ते बाळ तिच्या नणंदेचं होतं. ताई तोवर ओळखपत्राचे फोटो काढायची. हनुवटी वर, डोळे उघडे, हसू नका, झालं. नणंदेच्या बाळाचे फोटो बघून शेजारणी आल्या, त्यांच्या बहिणी आल्या, आणि ओळखपत्रं बंद झाली. नणंद मदतीला राहिली ती राहिलीच. बाळाला धरायचं काम तिचं. दोघी कुजबुजतच भांडतात, कारण बाळ झोपलेलं असतं. इतक्या हळू आवाजात इतकं तिखट बोलता येतं हे मला या दोघींमुळे कळलं.

तुमच्याकडे बाळ येणार असेल तर ऐकून ठेवा. फोटोसाठी दोन आठवड्यांच्या आत यावं लागतं. पुढे बाळाचे पाय लांब व्हायला लागतात, मग ते पोटाशी दुमडून घ्यायला कबूल होत नाही. ताई फोनवरच सगळं सांगते. घरून पाजून निघू नका, इथे येऊन पाजा. नखं कापून या, अंगठ्या काढून या. स्वतः सैल, पातळ कपडे घाला, कारण बाळ उघडं असतं म्हणून खोली हीटर लावून तापवलेली असते. आणि सर्दी असेल त्याने लांब बसायचं. एवढं सांगून फोन ठेवला की ती नणंदेला म्हणते, यातलं एक जरी ऐकलं तरी खूप झालं.

मग आई येते. आजवर जेवढ्या आया आल्या तेवढ्यांनी आल्याबरोबर माफी मागितली आहे. छातीवर दूध पाझरलंय त्याची, केस विंचरले नाहीत त्याची, बाळ रडतंय त्याची, बाळाची कातडी सुटलीय त्याची. बाप डायपर उलटा लावतात आणि कानापर्यंत लाल होतात. आज्या म्हणतात की अहो, घरी इतकं गुणी असतं. या खोलीत येणारं प्रत्येक माणूस कशाची ना कशाची लाज घेऊन येतं. लाज नसते ती फक्त बाळाला. ते अंगावर धागा नसताना माझ्यावर पसरतं आणि खुशाल शू करतं. आई कानकोंडी होते. ताई म्हणते, तक्क्याला अंघोळ झाली, आता झोपेल बघा. आणि खरंच झोपतं.

दुपारी ताई फोटो साफ करायला बसते. गालावरचं पुरळ, नखाचा ओरखडा, सुटलेली साल, कावीळ उतरताना राहिलेली पिवळी झाक. पण तिचा एक नियम आहे आणि तो ती प्रत्येक आईला आधीच सांगते. जे आठवड्याभरात आपोआप जाणार आहे तेच ती पुसते. जन्मभर राहणारं असेल, त्याला हात लावत नाही. एका बाळाच्या कपाळावर मोठा जांभळा डाग होता, तो तिने तसाच ठेवला, आणि ती आई तिला मिठी मारून गेली.

आता ज्यांच्यासाठी मी बोलायला बसलो त्यांचं सांगतो.

त्या दिवशी नणंद तापाने घरी होती. ताई एकटीच होती. एक बाळंतीण मुलगी आली ती हळूहळू पाय टाकत, कारण टाके ओले होते. मागून जावई, एका खांद्यावर पिशवी, कुशीत बाळ. त्याच्या मागे मुलीचे वडील. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, दोन्ही हात पँटच्या खिशात. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

ताईने सवयीने सांगितलं की बाह्या वर करा काका, इथे उकडेल. ते म्हणाले की मला उकडत नाही. बोलताना त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

जावई शिंकला. ताईने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला की ही ॲलर्जी आहे, आणि पुन्हा शिंकला. बायको म्हणाली, "तुमची ॲलर्जी घेऊन तिकडे दारापाशी बसा." ताईने त्याला तोंडाला लावायला मास्क दिला. तो शिक्षा झालेल्या पोरासारखा खुर्चीवर जाऊन बसला.

बाळाला पाजायची वेळ आली तेव्हा वडील बाहेर गेले. मुलगी माझ्या कडेला टेकून बसली होती. तिने ताईला हळू आवाजात सगळं सांगितलं. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. पुढे हातांवर कोड आलं, बोटांपासून मनगटापर्यंत. कोणी तोंडावर बोललं असतं तर ते कोणाला लागत नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणून दाखवता आलं असतं, पण गिऱ्हाइकं वाईट बोललीच नाहीत. ती फक्त म्हणायची की घाई नाही, मी दुसऱ्या खुर्चीसाठी थांबतो. वडील एवढं ऐकत राहिले आणि एक दिवस दुकान दुसऱ्याला देऊन घरी आले. आता बाळंतपणासाठी मुलीकडे राहायला आले होते. पाणी तापवत होते, कपडे धूत होते, पाळण्याची दोरी ओढत होते, तीसुद्धा हाताला रुमाल गुंडाळून. बाळाला अजून बोट लावलं नव्हतं.

"आई नव्हती मला," मुलगी म्हणाली. "माझं डोकं धुतलं, वेण्या घातल्या त्या याच हातांनी. आणि माझ्या मुलीला ते रुमालातून झोका देतात."

बाळाची ढेकर काढून ताईने त्याला माझ्यावर ठेवलं.

वडील आत येऊन पुन्हा भिंतीला टेकले. साधे फोटो ताईने एकटीने काढले. मग मुलीला हवा होता तो राहिला. बाळ कोपरं टेकून, दोन्ही तळव्यांवर हनुवटी ठेवून बसलंय, जणू मोठा विचार करतंय. हा फोटो सगळ्यांना हवा असतो. पण इतक्या लहान बाळाला मान धरता येत नाही. म्हणून एक माणूस वरून डोकं धरतो, एक फोटो निघतो. मग तोच माणूस खालून मनगटं धरतो, दुसरा निघतो. ताई दोन्ही जोडते आणि हात पुसून टाकते. बघणाऱ्याला वाटतं की बाळ आपलं आपण बसलं आहे.

धरायला नणंद नव्हती. मुलगी म्हणाली की मी धरते, आणि गुडघ्यावर बसायला गेली. टाके ओढले गेले. तिने ओठ आवळले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचीही तिने माफी मागितली. दारातून जावई म्हणाला की मी येऊ का, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत शिंकला.

खोलीत एकच माणूस उरलं. मुलीने त्यांच्याकडे बघितलं नाही. बघणं तिने मुद्दाम टाळलं, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. ती माझ्यावरच हात टेकून होती.

ताई म्हणाली, "काका, तुमचा हात लागेल मला."

ते म्हणाले की नको, दुसरं कोणी बघा.

"फोटोत तुमचा हात दिसणार नाही. मी पुसते नंतर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ते बराच वेळ बाळाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून हात काढले, बटणं सोडून बाह्या वर केल्या. कोपऱ्यातल्या बेसिनवर ते हात धूत राहिले, धूत राहिले, शेवटी ताईला म्हणावं लागलं की काका, पुरे, बाळ उठेल. ते वळले तेव्हा मी त्यांचे हात पाहिले. सावळा माणूस, आणि मनगटापासून पुढे हात असे, जसे दुधात बुडवून काढलेले.

ते माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि हात हलू नये म्हणून त्यांनी कोपर माझ्यात रुतवलं. ते कोपर थरथरत होतं. माझ्या पोटातले दाणे त्याने बारीक वाजत होते. मग त्यांनी बाळाच्या डोक्याला बोटं लावली आणि थरथर गेली. अंगठा कानामागे, दोन बोटं डोक्याच्या वर, दाब असा की जणू नाहीच. ताईने उजेड बघितला. तिने सांगायच्या आधी त्यांनी बाळाचं डोकं केसभर वळवलं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हळूच म्हणाले, "मान जरा खाली."

जावयाला हसू आलं. ताईलाही. बाळाने मात्र खरंच मान सैल सोडली.

फोटो निघाले. वडिलांनी बाह्या खाली घेतल्या, बटणं लावली, हात खिशात गेले. मुलगी डोळे पुसत म्हणाली की किती घाम येतो इथे.

काही दिवसांनी तिचा फोन आला. ताई माझ्यावर पांघरुणांच्या घड्या घालत बोलत होती, म्हणून मी ऐकलं. मुलगी म्हणाली की त्या दिवसानंतर बाबांनी बाळाला पुन्हा हात लावला नाही. विचारलं तर म्हणाले की ते काम होतं. मग तिने विचारलं की हात न पुसलेला फोटो आहे का. तोच मोठा करून पाळण्यासमोर लावायचा. रोज समोर दिसेल तर त्यांची भीड जाईल. ताई म्हणाली की आहे ना, देते.

ताई मनापासून बसली. एरवी जितका वेळ घेते त्याच्या दुप्पट घेतला. बाळाचं पुरळ काढलं, साल काढली. आणि दिवसभर कातडी सारखी करायची सवय झालेला तिचा हात तसाच पुढे सरकला आणि त्या बोटांवर गेला. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण तिला वाटलं असावं की म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटेल. कोणाचं वाईट करायचं म्हणून तिने काही केलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

मंडळी फोटो बघायला आली. त्या दिवशी नणंदही होती. मुलीने बाळाला माझ्यावर निजवलं आणि सगळे पडद्यापाशी गेले. आधी हात पुसलेला फोटो लागला. जावई खूश. म्हणाला की बघा, आत्ताच बापाला अक्कल शिकवेल असा चेहरा आहे. मग ताईने दुसरा लावला.

बाळाच्या डोक्यावर एक सुंदर सावळा हात होता. एकसारखा, नितळ.

ताई म्हणाली की मी जरा नीट केलंय. तिचा आवाज शेवटच्या शब्दाला बारीक झाला.

नणंद कुजबुजली नाही. सरळ म्हणाली, "वहिनी, आपोआप जाणार ते पुसायचं असं तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

ताईचा चेहरा पडला. ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली. मुलगी काहीतरी बोलणार होती, बहुतेक रागावणारच होती, पण तेवढ्यात तिने वडिलांकडे बघितलं. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले होते आणि हसत होते.

"असाच होता," ते म्हणाले. "तू शाळेत होतीस तेव्हा असाच होता माझा हात, भिंगरी."

मुलीला हवा होता बाबांचा खरा हात, आणि बाबांना आवडला होता तो पुसलेला. आपण हा हट्ट त्यांच्यासाठी धरला की स्वतःसाठी, हे तिचं तिलाच कळेना, आणि ती खाली मान घालून उभी राहिली. जावई चष्मा पुसत बसला. ताई तर माझ्याकडेच बघत होती, म्हणजे कोणाकडेच नाही. माझ्या खोलीत लाज रोजच येते, पण सगळ्यांना एकदम आलेली मी त्या दिवशीच पाहिली.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला हाच आवडला असेल तर हाच लावू."

पडद्यावरच्या हाताकडे त्यांनी आणखी एकदा, निरोप घ्यावा तसं बघितलं.

"ही मोठी झाल्यावर विचारेल, हा हात कोणाचा," ते म्हणाले. "तू काय सांगशील?"

"तुमचा म्हणून सांगेन."

"मग ती माझा हात बघेल. म्हणेल, आई खोटं बोलते."

ताईने मूळ फोटो शोधायला घेतला. तिची बोटं चुकत होती. नणंदेने तिला बाजूला केलं नाही, नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. फोटो लागला. पांढरी बोटं, त्यांच्या कडेला राहिलेला सावळा रंग, खाली झोपलेलं काळंभोर जावळ.

वडील त्याच्याकडे बघून हसले नाहीत. म्हणाले, "हा लावा. पण भिंतीवर बघून काय ओळख होणार आहे तिला."

मग ते माझ्यापाशी आले. गुडघ्यावर बसताना त्यांची हाडं वाजली. बाळ जागं झालं होतं आणि तोंड वेडंवाकडं करत होतं. त्यांनी एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली, आणि माझ्यावरचं ते एवढंसं वजन उचललं गेलं. बेसिनकडे कोणी गेलं नाही. रुमाल कोणी शोधला नाही. बाळ रडलं, थोडंफार नाही, चांगलं टाहो फोडून रडलं. त्यांनी घाबरून मुलीकडे बघितलं.

मुलगी जागची हलली नाही. म्हणाली, "भूक लागली असेल. पाच मिनिटं तुम्हीच बघा."

त्यांनी बघितलं. मी काय सांगू, मला तर ते रडणं गोड लागलं.

त्यानंतर ताईने एक गोष्ट बदलली. हात असलेला फोटोही ती आता प्रत्येकाला दाखवते, आणि हवा का म्हणून विचारते. पुष्कळ लोक नको म्हणतात. काही जण मागून घेतात. साफ करताना मात्र ती हातापाशी आली की माऊस सोडून देते.

माझे दाणे आता चेपले आहेत. मूठ दाबली तर खड्डा पडतो तो भरून येत नाही. आत नवा तक्क्या आला आहे आणि मला बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवलं आहे. माझ्यावर पांघरूण नाही. डाग सगळ्यांना दिसतात. पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की बसणाऱ्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं. ते आपल्याच काळजीत असतात.

माझ्यावर आता बाप बसतात, आजोबा बसतात, एखादी थोरली बहीण बसते. हात मांडीखाली दाबून बसतात. कोणाचे हात खरखरीत, कोणाचे कापणारे, कोणाला वाटतं आपल्याला जमणार नाही. त्यांना मला एवढंच सांगायचं असतं, आणि तुम्हालाही. आतून हाक आली तर जा. हात धुवा, अंगठी काढा, आणि धरा. बाळाला अजून स्वतःची मान धरता येत नाही.